फळे-भाज्यांतील कीडनाशकांचे अवशेष : तपासणी आणि घरची दक्षता

द्राक्षाचा घड ताजा व तजेलदार दिसला, तरी त्यावर किंवा त्यात कीडनाशकाचा अंश आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते.

तपासणी कशी होते?
नमुना बारीक करून त्यातील रसायने द्रावकात उतरवली जातात. क्रोमॅटोग्राफी यंत्र ती एकमेकांपासून वेगळी करते. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर त्यांच्या रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचे वस्तुमान मोजते व त्यांचे तुकडे ताडून पाहते. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखावा, तसे या तुकड्यांवरून रसायन ओळखले जाते. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम, इतका सूक्ष्म अंशही या पद्धतीने मोजता येतो.

द्राक्षांनी दिलेला धडा
२००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिलचे अवशेष आढळले. त्यानंतर पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली निर्यातीच्या द्राक्षांची काढणीपूर्व तपासणी सुरू झाली. तरीही २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकामुळे युरोपात माल अडला व बागायतदारांना मोठा फटका बसला. हे रसायन त्या वेळच्या तपासणीच्या यादीतच नव्हते. यंत्र कितीही सूक्ष्म असो, ज्याचा शोध घेतला जात नाही ते सापडत नाही. म्हणून तपासणीची यादी काळानुरूप वाढवत राहणे आवश्यक असते.

आपण काय करावे?
• फळे व भाज्या वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवाव्यात. साबण किंवा डिटर्जंट वापरू नये.
• कोबीची बाहेरची पाने काढून टाकावीत. काकडी, गाजर यांची साल काढावी.
• धुण्याने पृष्ठभागावरील अंश कमी होतो. आंतरप्रवाही औषध पिकाच्या आत भिनलेले असते, ते धुऊन निघत नाही. म्हणून एकाच प्रकारावर भर न देता आलटून-पालटून निरनिराळ्या भाज्या खाव्यात.
• परसबागेत फवारणी केल्यास लेबलवर लिहिलेले प्रतीक्षेचे दिवस उलटल्याशिवाय तोडणी करू नये.
• कीडनाशक पोटात गेल्याची शंका आल्यास उलटी करवू नये. औषधाचे लेबल सोबत घेऊन रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

भीतीपोटी फळे-भाज्या खाणे सोडू नये. मुलांच्या व गर्भवतींच्या आहारात त्यांचे स्थान मोठे आहे. ते कायम ठेवून दक्षता घ्यावी.