भास्कर सोमणांची जहाजं

आमच्या निंबर्ग्याहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तुरीच्या या काळ्या रानात आरमार म्हटलं की शिवछत्रपती आठवतात, कान्होजी आंग्रे आठवतात, आणि गोष्ट तिथेच थांबते. ती पुढे न्यायला हवी. ४ जून १९६२ ते मार्च १९६६ या काळात स्वतंत्र भारताचे नौसेनाप्रमुख होते व्हाइस अ‍ॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण. या पदावरचे ते दुसरेच भारतीय. स्वातंत्र्यानंतर पार १९५८ पर्यंत आपल्या नौदलाचे प्रमुख इंग्रजच होते!

सोमण नोकरीला लागले ते इंग्रजांच्या आरमारात. फाळणीत जहाजांचीही वाटणी झाली. भारताला मिळालेल्या जहाजांत मोठी म्हणावीत अशी चार स्लूप आणि दोन फ्रिगेट. क्रूझर नाही, विमानवाहू नौका नाही, पाणबुडी नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा आपल्या ताफ्याची सूत्रं सोमणांकडे होती. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण कामी आले.

ते प्रमुख झाले आणि काही महिन्यांतच चीनचं युद्ध आलं. पैसा वळला डोंगराकडे. अशा वेळी समुद्रासाठी मागणं मागायला फार चिवटपणा लागतो. शिवाय युद्धनौका आज मागितली तर उद्या मिळत नाही. करार, आराखडे, बांधणी, खलाशांचं शिक्षण यांत वर्षं जातात.

पाणबुडीचंच बघा. डिझेल इंजिनाला हवा लागते, पाण्याखाली ती आणायची कुठून? म्हणून वर येऊन, किंवा नुसती नळी पाण्याबाहेर काढून, इंजिन चालवायचं आणि प्रचंड बॅटऱ्या भरून घ्यायच्या. मग बुडी मारून त्या विजेवर जवळजवळ निःशब्द सरकायचं. आपल्याला पुढे मिळालेल्या पाणबुडीत तर सुमारे ९१ मीटर लांबीच्या पोलादी नळकांड्यात पंचाहत्तरेक माणसं, पुढे सहा आणि मागे चार टॉर्पेडो नळ्या. पाकिस्तानकडे १९६४ पासून ‘गाझी’ पाणबुडी होती, आपल्याकडे एकही नाही. ब्रिटन परवडेल अशा अटींवर नवी पाणबुडी देईना. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना भारत सोव्हिएत संघाकडे वळला.

सप्टेंबर १९६५, पाकिस्तानशी युद्ध सुरू. ७ तारखेच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या. आपली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ दुरुस्तीला गोदीत. सरकारचा हुकूम असा, की पोरबंदरच्या उत्तरेला जायचं नाही. सोमणांनी विरोध केला, तो मानला गेला नाही. त्यांच्यावर हा अन्याय झाला असंच मला वाटतं. पण त्याच महिन्यात सोव्हिएत संघाशी चार पाणबुड्या आणि ‘पेट्या’ वर्गाच्या पाच युद्धनौकांचा करार झाला.

पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी रीगा बंदरात नौदलात दाखल झाली. सुएझ कालवा बंद, म्हणून आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून ती १९६८ मध्ये विशाखापट्टणमला पोचली. तोवर सोमण निवृत्त झाले होते. १९७१ च्या भारत-पाक युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या, तेव्हा त्यांच्या सोबतीला ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ होत्या. दोन्ही १९६५ च्या त्या करारातल्या ‘पेट्या’ नौका.