हवापालट आणि दमा

प्रकृती सुधारण्यासाठी हवापालट करावा, हा आपल्याकडील जुना सल्ला. क्षयरोग्यांसाठी मद्रासजवळ तांबरम येथे १९२८ साली निघालेले आरोग्यधाम याच समजुतीचे अपत्य होय. पुढे त्याच शहरात १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने या समजुतीची परीक्षा घेतली. औषधे नियमित घेतल्यास दाटीवाटीच्या घरात राहणारा रुग्णही आरोग्यधामातील रुग्णाइतकाच सुधारतो, असे १९५९ साली त्याने दाखवून दिले. क्षयाच्या बाबतीत हवेचे माहात्म्य त्यामुळे ओसरले. दम्याच्या बाबतीत मात्र हवेचा विचार टाळता येत नाही. तो काहीसा उलट बाजूने करावा लागतो, इतकेच.

सोलापूरसारख्या कोरड्या प्रदेशातून नोकरीनिमित्त चेन्नईला गेलेला पस्तिशीतील माणूस कल्पनेसमोर आणावा. लहानपणी त्याला धाप ठाऊक नव्हती. चेन्नईतही पहिली एक-दोन वर्षे तो ठणठणीत असतो. मग शिंका सुरू होतात, पहाटे कोरडा खोकला येतो आणि एखाद्या रात्री छातीत शीळ घातल्यासारखा आवाज होऊन श्वास कोंडतो. इतके दिवस ही हवा मानवली, मग आताच काय झाले, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर हवेत आहे तितकेच त्याच्या शरीरातही आहे. परक्या प्रथिनाशी वारंवार संबंध आल्यावर काही व्यक्तींचे शरीर त्याविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे तयार करते. या तयारीला महिने, कधी वर्षे लागतात. ती पुरी झाली की तेच प्रथिन श्वासावाटे आत जाताच श्वासनलिकांचे अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साचतो. यालाच आपण अ‍ॅलर्जीचा दमा म्हणतो.

रुग्ण बहुधा रस्त्यावरील धुराला दोष देतो. धूर निरुपद्रवी नाहीच; भोगीच्या पहाटे जुने सामान, टायर जाळल्याने चेन्नईत जी काजळी पसरते, तिच्यामुळे जानेवारी २०१८ मध्ये विमानेही खोळंबली होती. परंतु खरा अपराधी पुष्कळदा अंथरुणातच असतो. घरातील धुळीत राहणारा माइट हा कोळ्याच्या जातकुळीतील जीव जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर लांबीचा. माणसाच्या त्वचेचा कोंडा हे त्याचे अन्न. तो पाणी पीत नाही, हवेतील बाष्प शोषून घेतो. म्हणूनच सोलापूरच्या उन्हाळ्यात तो टिकाव धरू शकत नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत मात्र गाद्या-उशांत त्याची वस्ती वाढते. त्याच्या विष्ठेतील प्रथिने दम्याला कारण होतात. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात तर माणसे जागची हललीही नव्हती. तेथे बाहेरून ब्लँकेटे आली, त्यांत माइट वाढले आणि पूर्वी दमा विरळा असलेल्या समाजात १९७० नंतर प्रौढांमध्ये तो पसरला.

प्रौढपणी सुरू झालेला खोकला आपल्याकडे प्रथम क्षयाचा संशय निर्माण करतो. थुंकीची तपासणी अवश्य करावी. परंतु ती निर्दोष निघाल्यावर फुंकर मोजण्याच्या साध्या नळीने सकाळ-संध्याकाळचे आकडे टिपावेत. त्यांतील मोठा चढउतार दम्याकडे बोट दाखवितो.

यानंतरचा प्रश्न पोटापाण्याचा असतो : शहर सोडावे काय? सुट्टीच्या दिवशी बरे वाटून कामावर रुजू होताच धाप लागत असेल, तर कारण कामाच्या जागी शोधावे. मोटारींच्या रंगातील आयसोसायनेट किंवा गिरणीतील पीठ यांमुळे दमा जडला असल्यास तो संपर्क लवकर तुटणे अत्यावश्यक असते. उशीर झाल्यास काम सोडूनही विकार मागे उरतो. माइटच्या बाबतीत गाव बदलण्याची घाई करण्याचे कारण नाही. परत गेल्यावर कित्येकांना आराम पडतो, तथापि एकदा जडलेली संवेदनशीलता सहसा शरीरात राहते. चादरी, उशांचे अभ्रे दर आठवड्याला साठ अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुणे, गादीला घट्ट विणीची खोळ घालणे आणि श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड औषध वैद्यकीय सल्ल्याने, बरे वाटत असतानाही, चालू ठेवणे, एवढ्यावर बहुसंख्य रुग्ण चेन्नईत राहून आपली नोकरी करू शकतात.