नादारी प्रकरणांचे सार्वजनिक अभिलेख : मुंबई व महाराष्ट्रातील शोधाची पद्धती

प्रस्तावना

अमुक कंपनी बुडाली, तमुक व्यापाऱ्याने हात वर केले, ही वार्ता गावात ज्या वेगाने पसरते त्या वेगाने तिची कागदोपत्री शहानिशा होत नाही. वास्तविक नादारीची कार्यवाही ही न्यायिक कार्यवाही असल्याने तिचे आदेश, नोटिसा व राजपत्रातील प्रसिद्धी बव्हंशी सर्वांना खुली असते. वाणिज्य, अर्थशास्त्र, विधी व आधुनिक इतिहास या विषयांच्या अभ्यासकांना हे अभिलेख म्हणजे प्राथमिक साधनांचे मोठे भांडार आहे. आणि ज्या प्राध्यापकाने निवृत्तीची पुंजी एखाद्या कंपनीच्या मुदत ठेवीत अथवा बांधकाम चालू असलेल्या सदनिकेत गुंतविली आहे, त्याला तर ते वेळेवर सापडणे निकडीचे असते. अमेरिकेत दिवाळखोरीची सर्व प्रकरणे संघीय न्यायालयांत चालतात आणि ‘पेसर’ या एकाच संगणकीय व्यवस्थेतून शोधता येतात. आपल्याकडे तसे एकच दालन नाही. म्हणून शोधास आरंभ करण्यापूर्वी ऋणको कोण, त्याचे कायदेशीर ठिकाण कोणते आणि प्रकरण कोणत्या काळातील, हे तीन प्रश्न निकालात काढावे लागतात. त्यांची उत्तरे चुकली तर ‘नोंद आढळली नाही’ हे उत्तर मिळते आणि त्याचा अर्थ मात्र काहीच होत नाही.

परिभाषेविषयी एक खुलासा येथेच करणे इष्ट होईल. ‘कंपनी दिवाळखोरीत’ हा वर्तमानपत्री मथळा रूढ असला तरी नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ अन्वये दिवाळखोरीचा आदेश व्यक्ती व भागीदारी संस्था यांच्यासाठीच कल्पिलेला आहे. कंपनीच्या बाबतीत प्रथम नादारी निराकरण प्रक्रिया आणि ती निष्फळ ठरल्यास परिसमापन, असा क्रम आहे. शोधाच्या चौकटीत कोणता शब्द घालावयाचा, हे या भेदावर ठरते.

कंपन्यांची प्रकरणे

१ डिसेंबर २०१६ पासून कंपन्यांची नादारी प्रकरणे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे चालतात. संहितेच्या कलम ६० नुसार अधिकारक्षेत्र नोंदणीकृत कार्यालयावरून ठरते. कारखाना, मुख्य व्यवहार वा मालकाचे वास्तव्य यांवरून नव्हे. महाराष्ट्र व गोवा या राज्यांसाठी मुंबईचे खंडपीठ आहे. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचे नोंदणीकृत कार्यालय तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील पैठण तालुक्यात, चितेगाव येथे होते. तरी २०१८ मध्ये तिचे प्रकरण दाखल करून घेतले गेले ते मुंबईत. छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात त्याचा शोध घेणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. उलटपक्षी, आपल्या शहरात गृहसंकुल उभारणाऱ्या कंपनीची नोंदणी परराज्यातील असेल तर तिचे प्रकरण त्या राज्याच्या खंडपीठापुढे जाते.

यास्तव पहिली पायरी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील नोंदीची. तेथून कंपनीचे अचूक नाव, पूर्वीचे नाव आणि एकवीस अक्षरांचा कंपनी ओळख क्रमांक टिपून घ्यावा. या क्रमांकात राज्याची दोन अक्षरे व स्थापनेचे वर्ष अंतर्भूत असते, त्यामुळे मिळत्याजुळत्या नावांच्या कंपन्यांची गल्लत टळते. एकाच उद्योगसमूहाच्या डझनभर कंपन्या असतात आणि त्यांपैकी एखादीच नादारीत असते. समूहाच्या नावावरून निष्कर्ष काढणे हा या क्षेत्रातील सर्वाधिक आढळणारा दोष होय.

दुसरी पायरी भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळाची. प्रकरण दाखल करून घेतल्यावर न्यायाधिकरण अंतरिम निराकरण व्यावसायिकाची नियुक्ती करते व त्याने नियुक्तीपासून तीन दिवसांत जाहीर निवेदन द्यावयाचे असते. हे निवेदन एका इंग्रजी व एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात येते, तसेच मंडळाच्या संकेतस्थळावरही राहते. वृत्तपत्राचा तो अंक रद्दीत गेला तरी निवेदन तेथे सापडते. त्यात नादारी प्रक्रिया सुरू झाल्याचा दिनांक, व्यावसायिकाचा पत्ता आणि दावे सादर करण्याची अंतिम तारीख असते. ही तारीख नियुक्तीपासून चौदा दिवसांची असते. उशिरा येणाऱ्या दाव्यांना नियमांत मर्यादित मुभा आहे. परंतु निराकरण योजना न्यायाधिकरणाने मंजूर केल्यावर योजनेत समाविष्ट नसलेले दावे संपुष्टात येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०२१ रोजी घनश्याम मिश्रा प्रकरणात दिला. सदनिका खरेदीदारांना २०१८ पासून वित्तीय धनकोचा दर्जा आहे, पण दर्जा असणे वेगळे आणि दावा दाखल केलेला असणे वेगळे. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे प्रकरण डिसेंबर २०१९ मध्ये मुंबई खंडपीठाने दाखल करून घेतले तेव्हा तिच्या धनकोंत बँकांच्या जोडीला सामान्य मुदत ठेवीदारही होते. अशा ठेवीदाराला अभिलेख पाहता येणे ही अभ्यासाची नव्हे, हक्काची बाब आहे.

तिसरी पायरी न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेण्याची. येथे खंडपीठ निवडावे लागते आणि नाव रोमन लिपीत द्यावे लागते. मराठी आडनावांवरून पडलेली कंपन्यांची नावे रोमनमध्ये दोन-तीन प्रकारे लिहिली जातात. म्हणून नावाचा सर्वांत स्थिर तुकडाच घालावा. प्रकरणाच्या क्रमांकातील ‘सीपी (आयबी)’ ही अक्षरे नादारी याचिका आणि ‘एमबी’ ही मुंबई खंडपीठ दर्शवितात. आदेश हाती आल्यावर अर्ज कोणत्या कलमाखाली आहे ते प्रथम पाहावे : कलम ७ वित्तीय धनकोचे, ९ व्यवहारातील धनकोचे (माल पुरवठादार इत्यादी), १० खुद्द कंपनीचे. केवळ याचिका दाखल असणे म्हणजे नादारी नव्हे. अनेक याचिका तडजोडीने मागे घेतल्या जातात, कित्येक फेटाळल्या जातात. दाखल करून घेतल्याचा आदेश आणि त्यासोबतचे अधिस्थगन यांचा दिनांक मिळाल्याखेरीज शोधनिबंधात कोणत्याही कंपनीला नादार म्हणू नये.

२०१६ पूर्वीच्या प्रकरणांचा मार्ग निराळा. कंपनी समापनाच्या याचिका तेव्हा उच्च न्यायालयात चालत व मालमत्ता शासकीय परिसमापकाच्या ताब्यात जाई. संहिता आल्यावर, ज्या याचिकांची नोटीस प्रतिपक्षास बजावली गेली नव्हती अशा कर्जफेडीच्या असमर्थतेवरील याचिका न्यायाधिकरणाकडे वर्ग झाल्या. उर्वरित उच्च न्यायालयातच राहिल्या. त्यामुळे एकाच वर्षी दाखल झालेल्या दोन याचिका आज दोन ठिकाणी सापडू शकतात. आजारी गिरण्यांच्या अभ्यासकाने दिल्लीतील औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाच्या कार्यवाहीचाही मागोवा घ्यावा. ते मंडळ २०१६ मध्ये बरखास्त झाले.

व्यक्तींची प्रकरणे

येथे शहर खरोखरच निर्णायक ठरते. संहितेतील व्यक्तीविषयक भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू करण्यात आला. इतरांसाठी ब्रिटिशकालीन कायदेच उपयोगात राहिले : मुंबईसाठी १९०९ चा इलाखा शहरे नादारी अधिनियम, उर्वरित महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम. म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्याचा शोध उच्च न्यायालयाच्या नादारी शाखेत व तेथील शासकीय अभिहस्तांकिती, म्हणजे ऑफिशियल असायनी, यांच्या कार्यालयात घ्यावा. पुण्याच्या वा कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचा शोध तेथील जिल्हा न्यायालयात. या कायद्यांच्या मूळ पाठात धनकोला अर्ज करण्यासाठी किमान कर्ज पाचशे रुपयांचे आहे, तर कंपनीविरुद्ध अर्जाची मर्यादा मार्च २०२० मध्ये एक कोटीवर नेण्यात आली. काळाचे हे अंतर बोलके आहे.

जिल्हा न्यायालयांची अलीकडील प्रकरणे ई-कोर्ट्स सेवेवर सापडतात. परंतु नावाने शोध घेताना वर्ष द्यावे लागते, म्हणून वर्ष निश्चित नसेल तर एकेक वर्ष पालटत जाण्याचा चिवटपणा हवा. ‘प्रलंबित’ व ‘निकाली’ हे दोन्ही पर्याय तपासावेत. जुन्या प्रकरणांसाठी मात्र अभिलेख कक्ष आणि महाराष्ट्र शासन राजपत्र यांना पर्याय नाही. नादार ठरविल्याचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध करणे १९२० च्या कायद्याने बंधनकारक केले आहे, तसेच तो आदेश रद्द झाल्याची सूचनाही. पहिली नोंद मिळताच शोध थांबविणारा संशोधक दुसरीला मुकतो आणि ऋणमुक्त झालेल्या माणसाला निबंधात कायमचा नादार करून ठेवतो.

सहकारी संस्था

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या ठेवी पतसंस्थांत व सहकारी बँकांत असतात. त्यांचा शोध वरीलपैकी कोठेही घेऊन उपयोग नाही. त्या बुडाल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये निबंधक अवसायकाची नेमणूक करतो. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून रद्द केला, तेव्हाही पुढील मार्ग अवसायनाचाच होता. येथे न्यायालयीन संकेतस्थळ नव्हे, तर सहकार खात्याचे आदेश व अवसायकाचे कार्यालय हेच साधन होय.

प्रती मिळविणे

आदेश खुले असले तरी याचिकेची संपूर्ण कागदपत्रे सामान्यतः पक्षकारांनाच पाहता येतात. त्रयस्थ अभ्यासकाला कारण नमूद करून परवानगी मागावी लागते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज येथे आडमार्ग ठरतो. न्यायिक अभिलेखांच्या प्रती त्या त्या न्यायालयाच्या नियमांनुसारच घ्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा प्रकरण क्रमांक, आदेशाचा दिनांक व संशोधनाचा हेतू लिहिलेले महाविद्यालयाचे पत्र घेऊन नक्कल विभागात जाणे सोयीचे. क्रमांकाविना गेलेल्या अर्जदाराला तेथील लिपिक साहाय्य करू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही रास्त नव्हे.