विश्लेषण : ग्राफिक्स कार्ड दोन लाखांचे, मग अल्ट्रावाइड मॉनिटर कोणता घ्यावा?

भायखळा, लालबाग, परळ भागातील गेमिंगप्रेमींना संगणकाचे सुटे भाग घ्यायचे, तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हाकेच्या अंतरावर आहे. तिथे पहिली चौकशी होते ती ग्राफिक्स कार्डाची. मॉनिटरचा विचार शेवटी आणि उरलेल्या पैशांत होतो. एनव्हिडियाने जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० आणले, तेव्हा भारतातील त्याची सुरुवातीची किंमत २ लाख १४ हजार रुपये जाहीर केली होती. एवढा खर्च करून चुकीचा मॉनिटर समोर ठेवला, तर कार्डाची निम्मी ताकद वापरातच येत नाही. उलट, मॉनिटर फार मोठा घेतला तर तो घरात मावत नाही. म्हणून खरेदीपूर्वी दोनच गोष्टी मोजायच्या : पिक्सेल आणि टेबल.

अल्ट्रावाइड म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या मॉनिटरची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण १६:९ असते. अल्ट्रावाइडमध्ये ते साधारण २१:९ असते, तर त्याहून लांबलचक ‘सुपर अल्ट्रावाइड’मध्ये ३२:९. येथे इंचांचा आकडा फसवा ठरतो. ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची २७ इंची साध्या मॉनिटरएवढीच, सुमारे ३३ सेंटिमीटर असते. वाढते ती फक्त रुंदी : ६० सेंटिमीटरवरून ८० सेंटिमीटर. म्हणजे ३४ इंची घेतला तर चित्र मोठे होत नाही, दोन्ही बाजूंना अधिक दिसू लागते. कार रेसिंग, विमान चालवण्याचे किंवा मोकळ्या जगात फिरण्याचे गेम यांत हा फरक लगेच जाणवतो.

कार्डाची ताकद कुठे खर्च होते?

प्रत्येक फ्रेममधील प्रत्येक पिक्सेलचा रंग कार्डाला ठरवावा लागतो. पिक्सेल जितके जास्त, तितके काम जास्त. १९२० बाय १०८० या फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. २५६० बाय १४४० मध्ये ३६.९ लाख, ३४४० बाय १४४० या सर्वाधिक प्रचलित अल्ट्रावाइडमध्ये ४९.५ लाख, ५१२० बाय १४४० मध्ये ७३.७ लाख, फोर-के मध्ये ८२.९ लाख आणि ५१२० बाय २१६० मध्ये तब्बल १ कोटी १० लाख.

या आकड्यांवरून दोन गोष्टी कळतात. नेहमीचा अल्ट्रावाइड फोर-के पेक्षा हलका असतो. फोर-के ला त्याच्या पावणेदोनपट काम करावे लागते. तर ५१२० बाय २१६० चा अल्ट्रावाइड त्याच्या सव्वादोनपट जड पडतो. दिसायला दोन्ही ‘रुंद’, पण कार्डासाठी दोन वेगळ्या जाती.

कोणत्या कार्डाला कोणता मॉनिटर?

आरटीएक्स ५०८०, ५०७० टीआय किंवा आधीच्या पिढीतील ४०८० यांच्यासाठी ३४४० बाय १४४० ही नैसर्गिक जोडी आहे. ५०९० किंवा ४०९० असेल, तर मात्र अनेक गेममध्ये या रिझोल्यूशनवर कार्डाचे काम आधी उरकते आणि ते प्रोसेसरची वाट पाहत बसते. अशा वेळी २४० हर्ट्झचा मॉनिटर आणि त्याला साजेसा वेगवान प्रोसेसर घ्यावा किंवा ५१२० बाय २१६० कडे जावे. हे दोन्ही करायचे नसेल, तर कमी किमतीचे कार्ड घेऊन उरलेल्या पैशांत चांगला मॉनिटर घेणे अधिक शहाणपणाचे.

३४ इंचांचा २५६० बाय १०८० मॉनिटर स्वस्त मिळतो, पण त्यावर अक्षरे आणि कडा फुटलेल्या दिसतात. महागड्या कार्डासाठी तो टाळावा.

दहा बाय बाराच्या खोलीत मावेल का?

भायखळा, आग्रीपाड्यातील बीआयटी चाळी किंवा जुन्या पागडीच्या इमारतींत एकाच खोलीत टेबल, पलंग आणि कपाट असते. तिथे हा प्रश्न सर्वात आधी विचारायला हवा. ३४ इंचासाठी ८० सेंटिमीटर, ४० इंचासाठी ९४, ४५ इंचासाठी १०५, तर ४९ इंची ३२:९ साठी १२० सेंटिमीटर रुंदी लागते. स्टँडचे पाय टेबलाची खोलीही खातात. डोळ्यांपासून स्क्रीन किमान ६० ते ८० सेंटिमीटर लांब हवी. टेबल दीड फुटाचे असेल तर हे अंतर मिळत नाही आणि कडा पाहण्यासाठी सतत मान वळवावी लागते.

सोपा उपाय : वर्तमानपत्राची पाने चिकटवून ८० बाय ३४ सेंटिमीटरचा तुकडा करा, भिंतीवर लावा आणि रोजच्या जागी बसून पाहा. स्क्रीनचा बाकही पाहावा. ‘१८०० आर’ म्हणजे १.८ मीटर त्रिज्येचा सौम्य बाक. ‘८०० आर’ म्हणजे ०.८ मीटर त्रिज्येचा खोल बाक. घरातले इतरही पलंगावरून बाजूने सिनेमा पाहणार असतील, तर सौम्य बाकच बरा.

ओएलईडी, आयपीएस की व्हीए?

ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि विझतो. त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि वेगवान हालचाल स्पष्ट राहते. पण टास्कबारसारखे स्थिर चित्र महिनोन्‌महिने राहिले, तर त्याचा ठसा कायमचा उमटू शकतो. दिवसभर ऑफिसचे काम आणि रात्री गेम, असा वापर असेल तर हा धोका वाढतो. शिवाय क्यूडी-ओएलईडी प्रकारात खोलीत भरपूर उजेड आला की काळा रंग करडा-जांभळट दिसतो. गॅलरीचे दार दिवसभर उघडे असणाऱ्या घरात हे लक्षात घ्यावे.

आयपीएसमध्ये ठशाची भीती जवळपास नसते, पण अंधाऱ्या दृश्यात काळा फिका पडतो. व्हीएमध्ये काळा गडद असतो. मात्र अनेक स्वस्त मॉनिटरवर अंधाऱ्या भागातील हालचालीमागे काळी शेपटी दिसते.

सगळे गेम रुंद स्क्रीनवर चालतात का?

नाही. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘एल्डन रिंग’ हे गेम २१:९ चे रुंद दृश्य देत नाहीत. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. प्लेस्टेशन ५ देखील अल्ट्रावाइड चित्र देत नाही. क्रिकेटचे प्रक्षेपण १६:९ चे असल्याने ३४ इंची स्क्रीनवर सामना २७ इंचांएवढाच दिसतो. मुख्यतः असेच गेम खेळत असाल, तर साधा फोर-के मॉनिटर घ्यावा.

केबलचे काय?

जास्त रिफ्रेश रेटसाठी डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा एचडीएमआय २.१ हवे. आरटीएक्स ५० मालिकेत डिस्प्लेपोर्ट २.१ आहे, ४० मालिकेत १.४. जुन्या पोर्टवरही चित्र दाबून पाठवण्याच्या तंत्रामुळे बहुतेक मॉनिटर पूर्ण वेगाने चालतात. पण मॉनिटरला एचडीएमआय २.० असेल आणि तीच केबल जोडली, तर ३४४० बाय १४४० साधारण १०० हर्ट्झवरच अडकते. खोक्यातील केबल वापरावी आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये हर्ट्झचा आकडा स्वतः बदलावा.

विजेचे बिल किती वाढेल?

५०९० चे कार्ड एकटे ५७५ वॉटपर्यंत वीज घेते. ५०८० चे प्रमाण ३६० वॉट. गेम चालू असताना पूर्ण संगणक आणि मॉनिटर मिळून ७५० वॉट धरले आणि रोज चार तास खेळले, तर महिन्याला ९० युनिट होतात. बेस्टचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. १०० आणि ३०० युनिटच्या सीमेवर असलेले घर त्यामुळे वरच्या टप्प्यात जाऊ शकते. ही सगळी वीज अखेर उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. त्यातून एसी जास्त चालला, तर तो खर्च वेगळा. जुन्या वायरिंगच्या घरात संगणक, फ्रीज आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नयेत.

खरेदी करताना काय तपासावे?

२२ सप्टेंबर २०२५ पूर्वी ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्यांवर २८ टक्के जीएसटी होता. आता दोन्हींवर १८ टक्के आहे. करापूर्वी ६० हजारांचा ३४ इंची मॉनिटर आधी ७६,८०० रुपयांना पडत असे, तो आता ७०,८०० ला पडायला हवा. जुना भाव सांगितला जात असेल, तर बिलातील कराची ओळ पाहावी.

सीरियल क्रमांकासह जीएसटीचे बिल घ्यावे. ‘बिनबिलाचा स्वस्त’ माल घेतला, तर वॉरंटी मिळवताना अडचण येते. किती मृत पिक्सेल असल्यास मॉनिटर बदलून मिळतो आणि ओएलईडीच्या ठशाचा वॉरंटीत समावेश आहे का, हे लेखी पाहावे. शक्यतो दुकानातच मॉनिटर चालू करून काळी, पांढरी, लाल, हिरवी आणि निळी स्क्रीन तपासावी. तक्रार सुटली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

थोडक्यात, आधी टेबलाची रुंदी आणि बसण्याचे अंतर मोजावे, मग आपले गेम रुंद चित्र देतात का ते पाहावे आणि त्यानंतर मॉनिटरचे पिक्सेल ठरवावेत. त्या पिक्सेलना पुरेल एवढेच कार्ड घेतले, तर दोन्हींचे पैसे वसूल होतात.