हिस्लॉपच्या मुलखातून

बर्विकशर, स्कॉटलंड
मे महिना



तिकडे वर्धा जिल्ह्यात ऊन पंचेचाळिशीला टेकलं असेल. इथे अंगात स्वेटर आहे आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. शेतं पिवळ्याधमक फुलांनी भरली आहेत. आपल्या मोहरीच्याच जातीचं तेलबियांचं पीक आहे. मधूनमधून मेंढ्यांची कुरणं आणि दगडांचे बांध. हा भाग शेतकऱ्यांचा, त्यामुळे इथल्या लोकांशी बोलायला मला विषय शोधावा लागला नाही. पाऊस, भाव आणि शहरात गेलेली मुलं हे विषय इथेही तेच आहेत.

आपल्या नागपूरकडच्या मंडळीतर्फे आम्ही काही जण इथल्या मंडळीसोबत सेवेला आलो आहोत. परदेशातली माझी ही पहिलीच सेवा. मुद्दाम हा मुलूख निवडला, कारण मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथले. बर्विकशरमधल्या डन्स या गावी १८१७ साली त्यांचा जन्म झाला आणि १८४५ साली ते नागपूरला आले.

पण हिस्लॉप का आले हे समजायचं तर त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट सांगायला हवी. गावचा पाळक कोण असावा, हे त्या काळी बहुधा तिथला जमीनदार ठरवी. मंडळीला तो नको असला तरी माथी मारला जाई. १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत चर्च ऑफ स्कॉटलंडची महासभा भरली असताना या अन्यायावरून पाळकांचा मोठा गट उठून बाहेर पडला. शेवटी साडेचारशेहून जास्त पाळकांनी जुनं चर्च सोडलं. त्या चर्चच्या एकूण पाळकांपैकी हे एक तृतीयांशाहून अधिक. पगार गेला, राहतं घर गेलं, उपासनेची जागा गेली. काही जमीनदारांनी त्यांच्या नव्या ‘फ्री चर्च’ला वीतभर जमीन दिली नाही, तेव्हा लोक उघड्यावर उपासनेला बसले. या फ्री चर्चने हाती काही नसताना परदेशातली सेवा चालू ठेवली आणि हिस्लॉपना नागपूरला धाडलं. आपल्या भागातल्या कितीतरी कुटुंबांपर्यंत सुवार्ता पोचली ती घरदार सोडून बाहेर पडलेल्या या माणसांच्या पैशातून. हे इथे येऊन कळलं आणि त्या रात्री मी बराच वेळ प्रार्थनेत होते.

त्याच घटनेची दुसरी बाजू आज गावोगाव उभी आहे. फुटून निघालेल्यांनी शेकडो नवी चर्चं बांधली. पुढे १९०० आणि १९२९ साली बहुतेक लोक पुन्हा एक झाले, इमारती मात्र दुप्पट राहिल्या. आता माणसं कमी झाली आहेत. २०२२ च्या जनगणनेत ५१.१ टक्के लोकांनी आपला कोणताच धर्म नाही असं लिहिलं. २०११ मध्ये हे प्रमाण ३६.७ टक्के होतं. चर्च ऑफ स्कॉटलंडचे म्हणवणारे ३२.४ टक्क्यांवरून २०.४ वर आले. चर्चच्या इमारतीवर ‘विकणे आहे’ अशी पाटी दिसते. कुठे त्यात कुटुंब राहायला आलंय, कुठे दुकान निघालंय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गलबलून आलं.

आमच्या यजमान आजींनी एका संध्याकाळी मला विचारलं, ‘तुमच्या गावात उपासनेला किती जण जमता?’ मी खरं ते सांगितलं. वडनेरात आमची घरं मोजकी. कापूस वेचणीच्या दिवसांत तर एका सतरंजीवर मावतो. आजी थोडं थांबून म्हणाल्या, ‘मग तुम्हाला भीती नाही वाटत?’

हा प्रश्न मला गावात कधी कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. आम्ही जन्मापासून थोडेच आहोत. शेजारी तुकोबांचे अभंग चालू असतात, पलीकडे बुद्धवंदना, आणि आमच्या ओसरीवर आमचं भजन. घरात मयत झालं तर खांदा द्यायला सगळं गाव येतं. आजींच्या लहानपणी इथलं चर्च भरून वाहायचं. आज त्यांची स्वतःची नातवंडं येत नाहीत. त्यांचं दुःख मोठं आहे, मी त्यावर उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, ‘आजी, दोघं-तिघं जमले तरी प्रभू तिथे असतो, असं त्याने स्वतः सांगितलंय. आम्ही त्यावरच जगतो.’ त्यांनी माझा हात धरला. मी मराठीतच प्रार्थना केली.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. आम्ही इथे द्यायला काय आणलं, याचा मला येताना पत्ता नव्हता. पैसा नाही, मोठं शिक्षण नाही. पण थोडे असूनही निर्धास्त राहायची सवय आमच्याकडे आहे, आणि आज नेमकी तीच या मंडळीला हवी आहे.

घ्यायलाही खूप आहे. इथे बिशप नसतात. मंडळीचे निर्णय पाळक आणि निवडलेले वडीलजन मिळून घेतात. आमच्या इथल्या यजमान मंडळीच्या पाळक एक बाई आहेत. १९६८ पासून इथे स्त्रियांना दीक्षा मिळते. दर वर्षी एडिंबरोत महासभा भरते, तिचा अध्यक्ष एका वर्षापुरताच असतो. राजाचा प्रतिनिधी येतो, पण तो सज्जात बसतो. मतदानात त्याला स्थान नाही. मंडळीचे हिशेब छापून सगळ्यांच्या हाती देतात. आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा परंपरा एकत्र येऊन झालं, आणि त्यात बिशपांसोबत वडीलजनांची ही रीतही आली. तिचं मूळ घर इथे पाहिलं. आपल्याकडे हिशेबाच्या बाबतीत ही रीत अधिक कसोशीने पाळली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आठवड्यातून एकदा चर्चच्या सभागृहात गरजूंना डबाबंद अन्न, पास्ता, चहा-बिस्किटं देतात. हिवाळ्यात हीटरचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी बरीच चर्चं दिवसभर दार उघडं ठेवतात. कुणाला विश्वास विचारत नाहीत. मी साक्ष द्यायला उत्सुक होते. माझ्याकडे कपबश्या धुण्याचं काम आलं. ते करता करता एक तरुण माझ्याशेजारी उभा राहून अर्धा तास आपल्या आईच्या आजारपणाबद्दल बोलला. मी फक्त ऐकलं.

हिस्लॉपही ऐकणारे होते. त्यांनी शाळा काढली, दगड आणि जीवाश्म अभ्यासले, आणि गोंडांची गाणी नि लिंगोची कथा ऐकून लिहून घेतली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली छापली गेली. आपण वडनेरहून नागपूरला जाताना बुटीबोरी लागते ना, तिच्याजवळच्या टाकळघाटला ते प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी रात्री परतताना ओढ्याच्या पुरात वाहून गेले. ज्यांना सांगायला आले त्यांचं आधी ऐकून घेणारा हा माणूस मला आता जास्त जवळचा वाटतो.

येत्या रविवारी मंडळीने आम्हाला ना. वा. टिळकांचं भजन म्हणायला सांगितलं आहे. टाळ आम्ही घरूनच आणले आहेत. नुसतं ऐकणार नाही, सोबत म्हणणार, असा आजींचा आग्रह आहे. म्हणून गुरुवारी संध्याकाळी सराव ठेवलाय. शब्द रोमन अक्षरांत लिहून काढायचं काम माझ्याकडे आहे, ते आज रात्री पुरं करायचं आहे.

ख्रिस्तात आपली,
वडनेरची एक बहीण