मालेगावचे विडंबनपट : अनुकरण आणि स्थानिकता

विडंबन म्हणजे मूळ कृतीची टवाळी, असा समज मराठी वाचकांत रूढ आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहाने तो दृढ केला. तेथे रोख समकालीन भावविवश कवितेवर होता. मालेगावच्या विडंबनपटांना मात्र ही व्याख्या अपुरी पडते.

मालेगाव प्रशासकीयदृष्ट्या नाशिक जिल्ह्यात असले तरी धुळ्यापासून अवघ्या पन्नास किलोमीटरवर असल्याने खानदेशाशी त्याचा व्यवहार जुना आहे. यंत्रमागांच्या या शहरात व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट सुमारे ५० हजार रुपयांत तयार केला. यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात आणि बसंतीची ‘बासमती’ होते. मूळ ‘शोले’ (१९७५) प्रेक्षकांना संवादांसह पाठ असल्यामुळे सायकल दिसताच पडद्यावर नसलेला घोडाही त्यांना दिसतो. हसू येते ते या दोहोंमधील अंतराचे. ‘शोले’ची थट्टा येथे होतच नाही, झालीच तर ती स्वतःच्या तुटपुंज्या साधनांची होते. बाहेरच्याने ही थट्टा केली असती तर तिला हिणवणूक म्हणावे लागले असते.

‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये हे अंतर आणखी वाढते. १९३८ साली अमेरिकन चित्रकथेत अवतरलेला बलदंड नायक येथे शफीक शेख या कृश यंत्रमाग कामगाराने साकारला. त्याच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबते. त्याला लढायचे असते ते शहरातील घाणीशी. उड्डाणाची दृश्ये हिरव्या पडद्यापुढे चित्रित करून संगणकावर जुळविण्यात आली. ही सारी खटपट फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात पाहावयास मिळते. शफीक शेख यांचे पुढे मुखाच्या कर्करोगाने निधन झाले.

प्रणयप्रसंगांबाबत मात्र ही स्थानिकता लंगडी पडते. नायक, खलनायक, लेखक सारे गावातले. परंतु स्थानिक स्त्रिया पडद्यावर येत नसल्याने नायिका बाहेरगावाहून आणाव्या लागत. हिंदी चित्रपटातील अतिरंजित प्रेमाचे विडंबन करताना त्या प्रेमातील अर्धी बाजू अशी उसनी राहिली. या चित्रपटांना ‘जनतेचा सिनेमा’ म्हणून गौरविणाऱ्यांनी, त्या जनतेत कोण समाविष्ट नव्हते, हेही नोंदविणे अगत्याचे आहे.

पुढे व्हिडिओ पार्लर मागे पडले आणि मालेगावचा विनोद यूट्यूबवर गेला. ‘छोटू दादा’च्या चित्रफितींच्या शीर्षकांत तर ‘खानदेश’ हेच नाव झळकू लागले. २०२५ साली रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला. ज्या मुंबईची नक्कल मालेगावने केली होती, तीच मुंबई आता मालेगावच्या सायकली आणि नाड्या पडद्यावर उभ्या करू लागली.