उभे पीक मोडल्याचा धनादेश

28 जुलै 1933 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी टेक्सास राज्यातल्या न्यूएसेस काउंटीच्या एका कापूस उत्पादकाला 517 डॉलरचा धनादेश दिला. त्याने आपल्या 47 एकरांतला उभा कापूस नांगरून टाकला होता, त्याचा हा मोबदला. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा. पीकनियंत्रणाच्या या नव्या योजनेतला हा पहिला धनादेश.

1929 साली पौंडाला सुमारे 17 सेंट मिळवणारा कापूस 1932 मध्ये साडेसहा सेंटांवर आला होता आणि गोदामे जुन्या मालाने भरलेली होती. कृषी समायोजन कायदा मे 1933 मध्ये झाला, तोवर दक्षिणेतला पेरा आटोपला होता. मग उभ्या पिकावर नांगर फिरवण्यावाचून मार्ग उरला नाही. त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकर कापूस, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, मोडला गेला. ओळीत पाय टाकायचा नाही ही शिकवण जन्मभर मिळालेली खेचरे तासावरून चालायला तयार होईनात, अशी आठवण तिथे आजही सांगतात.

पैसे उभे राहिले कापसावर प्रक्रिया करणाऱ्यांवरच्या करातून. जानेवारी 1936 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली, तर फेब्रुवारीतच जमिनीच्या संवर्धनाच्या नावाने नवा कायदा आला आणि अनुदान चालू राहिले.

कोणी किती एकर कमी केले हे तपासायचे कसे? सुरुवातीला गावातलेच शेतकरी साखळी-फितीने मोजत. मग 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात कृषी खात्याने विमानांतून शेतशिवाराची छायाचित्रे काढून घेतली. एका अनुदानाच्या पडताळणीसाठी अख्ख्या काउंट्या आकाशातून टिपल्या गेल्या, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत थक्क करणारे काम वाटते. बदललेली नदीपात्रे आणि तुटलेली जंगले शोधणारे अभ्यासक आजही ती छायाचित्रे उघडतात.

पण या मोजणीत माणसे निसटली. धनादेश जमीनमालकाच्या हाती पडे आणि वाट्याने कसणाऱ्या गोऱ्या-काळ्या कुटुंबांना त्यातले फार थोडे मिळे. क्षेत्र घटले तशी अनेकांची जमीन सुटली. जुलै 1934 मध्ये आर्कान्सामधल्या टायरोन्झा गावी दोन्ही वर्णांच्या वाटेकऱ्यांनी मिळून संघटना उभारली. त्या काळच्या दक्षिणेत एकत्र बसण्यालाही धाडस लागत होते.

आजही या अनुदानाचा पाया काउंटी हाच आहे. शेतकऱ्यांनी निवडलेली 3 ते 11 जणांची समिती स्थानिक कारभार पाहते. 2014 च्या कायद्याने आलेल्या एका योजनेत तर काउंटीचे सरासरी उत्पन्नच निर्णायक ठरते. मागच्या पाच वर्षांतले सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट वर्ष वगळून सरासरी उतारा व सरासरी भाव काढतात. त्यांच्या गुणाकाराच्या 86 टक्क्यांखाली काउंटीचे त्या वर्षीचे एकरी उत्पन्न गेले, तर फरक मिळे. तोही मर्यादेत, अशी त्या कायद्यातली तरतूद होती. म्हणून सीमेवरच्या रस्त्याच्या अलीकडे पैसे येतात, पलीकडे येत नाहीत. महसूल मंडळाच्या पीक कापणी प्रयोगावर ज्याचा विमा ठरतो, त्या मराठी शेतकऱ्याला हे दुखणे वेगळे समजावायला नको.

शिवाय अनुदान मोजतात ते जुन्या नोंदींतल्या क्षेत्रावर. नोंद मक्याची असेल आणि यंदा रानात सोयाबीन असेल, तरी हिशेब मक्याचा. हाती येणारी रक्कम पीक काढल्यानंतर सुमारे वर्षाने, पुढच्या ऑक्टोबरात जमा होते.

ती कोणाला मिळावी याचा नियम मात्र आता स्पष्ट आहे: जमीन रोख खंडाने घेतली असेल तर कसणाऱ्याला, वाट्याने असेल तर दोघांना हिश्शाप्रमाणे. तरीही अनुदान वाढले की मालक खंड वाढवू शकतो, आणि ती वाट कायद्याला अजून बंद करता आलेली नाही.